तीन स्ट्राइक आणि बाद: बेसबॉलचा नियम कोर्टात आणि मोबाइलवर कसा पोचला

गेल्या पावसाळ्यात भाचा आमच्याकडे राहायला आला होता. रात्री जेवताना त्याच्या मोबाइलवर मेल आला, तो वाचून त्याने घास ताटात तसाच ठेवला. "मामा, चॅनलला स्ट्राइक आला." भाकरी मोडता मोडता आईने विचारलं, "कुणाचा रे संप?"

आईचं काही चुकलं नव्हतं. तिची उमेदीची वर्षं लालबागेत गेली. स्ट्राइक म्हटलं की तिला १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप आठवतो, बंद भोंगे आठवतात. मला क्रिकेट आठवतं, कारण समोरचा फलंदाज 'स्ट्राइकवर' असतो. कॅरमवाल्याच्या हातात स्ट्रायकर असतो. बातम्यांमध्ये सर्जिकल स्ट्राइक असतो. भाच्याच्या मेलमधला स्ट्राइक यातला एकही नव्हता. तो यूट्यूबवर बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ टाकतो. त्याने एका व्हिडिओमागे सिनेमातलं गाणं लावलं होतं, गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीने तक्रार केली होती आणि त्याच्या नावापुढे एक खूण पडली होती. अशा तीन खुणा झाल्या की चॅनल बंद.

"तीनच का?" त्याने विचारलं. प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावर जावं लागतं. तिथून ते उत्तर एका तुरुंगातूनही जातं.

आधी बेसबॉलमधला स्ट्राइक

विटीदांडू खेळलेल्यांना हे पटकन कळेल. नियम गल्लोगल्ली वेगळे असायचे. आमच्या वाडीत तीनदा विटी हुकली की दांडू दुसऱ्याच्या हातात जायचा. बेसबॉलचं मूळ सूत्र तेच आहे.

बॅट घेतलेला खेळाडू एका पांढऱ्या पाटीशेजारी उभा राहतो. पाटी १७ इंच रुंद असते. समोरून पिचर, म्हणजे त्यांचा गोलंदाज, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. त्या पाटीवर हवेत एक चौकट आहे असं समजा. रुंदी पाटीएवढी, उंची साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत. चेंडू त्या चौकटीतून गेला आणि फलंदाज नुसता बघत राहिला, तर स्ट्राइक. चेंडू कुठेही असो, फलंदाजाने बॅट फिरवली आणि हुकली, तरी स्ट्राइक. चेंडू चौकटीबाहेरून गेला आणि फलंदाजाने तो सोडून दिला, तर त्याला 'बॉल' म्हणतात. आपल्या वाइडसारखाच हा प्रकार. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चार बॉल झाले की त्याला पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, फुकट चालत जायला मिळतं.

इथे कुणीही अडखळेल. स्ट्राइक म्हणजे फटका, मग हुकलेल्या फटक्याला स्ट्राइक कसं म्हणतात? याचं उत्तर जुन्या नियमांत आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ साली लिहून काढलेल्या नियमांत फलंदाजाला स्ट्रायकरच म्हटलंय. तीन चेंडूंवर त्याने फटका मारायला जाऊन ते हुकवले आणि तिसरा चेंडू मागे झेलला गेला, की तो बाद. म्हणजे आधी मोजला जायचा तो फटक्याचा प्रयत्न. पुढे काही फलंदाज मनाजोगा चेंडू येईपर्यंत बॅट हलवेचनात. खेळ रेंगाळायला लागला. म्हणून १८५८ साली पंचांना अधिकार मिळाला, की चांगला चेंडू सोडणाऱ्यालाही स्ट्राइक द्यायचा. तेव्हापासून या शब्दाचा फटक्याशी संबंध सुटला आणि त्याला 'वाया घालवलेली संधी' हा अर्थ चिकटला.

मग पिचरही वेळकाढूपणा करायला लागले, मुद्दाम लांब लांब चेंडू टाकायला लागले. त्यांच्यासाठी 'बॉल' मोजणं सुरू झालं. १८७९ साली नऊ बॉल झाल्यावर फुकट बेस मिळायचा. तो आकडा उतरत उतरत १८८९ला चारवर थांबला. स्ट्राइकचा आकडाही एकदा हलला होता. १८८७च्या हंगामात चार स्ट्राइक दिले गेले, पण पुढच्याच वर्षी पुन्हा तीन झाले. तेव्हा तीन हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. दोन्ही बाजूंना न्याय मिळावा म्हणून माणसांनी करून पाहत, बदलत ठरवलेला तो आकडा आहे.

या नियमातली माया

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हे. 'तीन स्ट्राइक आणि बाद' हे शब्द ऐकायला कठोर वाटतात, पण मूळ खेळात त्यांच्याभोवती फलंदाजाची बाजू सांभाळणारे बरेच नियम आहेत.

दोन स्ट्राइक झालेल्या फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू लागून रेषेबाहेर गेला, तर त्याला फाउल म्हणतात. पहिले दोन स्ट्राइक फाउलने होऊ शकतात. पण बॅट पूर्ण फिरवून मारलेला आणि कुणी न झेललेला फाउल तिसरा स्ट्राइक धरत नाहीत. फलंदाज दहा चेंडू असे बाहेर घालवत टिकून राहू शकतो. म्हणजे तिसऱ्या चुकीची कसोटी पहिल्या दोनांपेक्षा कडक असते. बाद द्यायचं असेल तर चूक निखळ हवी.

शिवाय तिसरा स्ट्राइक मागे बसलेल्या कॅचरने नीट पकडावा लागतो. त्याच्या हातून चेंडू निसटला, तर ठरावीक परिस्थितीत फलंदाज पहिल्या बेसकडे पळत सुटू शकतो. ही सवलत १८४५च्या नियमांतही होती.

आणि बाद झालेला खेळाडू घरी जात नाही. बाकावर बसतो, आठ जणांची पाळी झाली की पुन्हा बॅट घेऊन उभा राहतो आणि त्याची पाटी कोरी असते. मघाचे स्ट्राइक पुसलेले असतात. मोठमोठे फलंदाजसुद्धा दहातल्या सात वेळा अपयशीच ठरतात. दहात तीनदा चेंडू खेळून बेस गाठणारा तिथे उत्तम फलंदाज गणला जातो. अपयश रोजचंच असेल हे गृहीत धरून बांधलेला हा खेळ आहे.

मैदानाबाहेर गेलं ते फक्त एक वाक्य

१९०८ साली बेसबॉलवरचं एक गाणं आलं. ते आजही सामन्याच्या सातव्या डावात प्रेक्षक उभं राहून म्हणतात. त्यात एक, दोन, तीन स्ट्राइक आणि तू बाद, अशी ओळ येते. ज्याला फाउल म्हणजे काय हे माहीत नाही, अशा अमेरिकन माणसालाही ती ओळ पाठ असते. घरात आई मुलाला आणि कामावर मुकादम मजुराला तिसऱ्या चुकीनंतर तेच ऐकवतो.

म्हणीचं असंच होतं. ती ओठांवर बसते आणि तिच्या मागची पोटकलमं गळून पडतात. घरात त्याने काही बिघडत नाही. पण १९९०च्या दशकात ही म्हण कायद्यात शिरली.

कॅलिफोर्नियाचा कायदा

तेव्हा अमेरिकेत गुन्हेगारीची धास्ती होती. कॅलिफोर्नियात १९९२ साली फ्रेझ्नो शहरात अठरा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये पेटालुमा गावात बारा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून उचलून नेऊन मारण्यात आलं. आधीच शिक्षा भोगून सुटलेली माणसं असं काही करतात, हे पाहून लोक पेटून उठले. पहिल्या मुलीचे वडील लग्नात फोटो काढण्याचा व्यवसाय करायचे. वारंवार गुन्हे करणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी म्हणून त्यांनी सह्यांची मोहीम चालवली. त्या बापाचं दुःख खरं होतं, पुढचं सगळं वाचताना हे विसरू नका.

वॉशिंग्टन राज्याने १९९३च्या नोव्हेंबरमध्ये मतदानाने असा कायदा आणला. १९९४च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काँग्रेससमोरच्या, म्हणजे तिथल्या संसदेसमोरच्या, भाषणात 'तीन स्ट्राइक आणि बाद' हेच शब्द वापरले. मार्चमध्ये कॅलिफोर्नियाचा कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

कायदा असा होता. एखाद्याच्या नावावर एक गंभीर किंवा हिंसक गुन्हा असेल, तर दुसऱ्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा. असे दोन असतील, तर तिसऱ्याला किमान पंचवीस वर्षं आणि कमाल जन्मभर तुरुंग. पहिले दोन गंभीर असायला हवेत, तिसऱ्याला मात्र ती अट नव्हती. 'फेलनी' या वर्गात बसणारा कुठलाही गुन्हा चालत होता. फेलनी म्हणजे वर्षाहून जास्त तुरुंगवास होऊ शकेल असा गुन्हा. आणि आधी शिक्षा झालेल्या माणसाची किरकोळ चोरीही सरकारी वकिलाला फेलनी म्हणून दाखल करता येत होती.

बेसबॉलमध्ये तिसरा स्ट्राइक सगळ्यात काटेकोर, इथे तिसराच सगळ्यात ढिला. नियम बरोबर उलटा झाला.

नऊ व्हिडिओ कॅसेट

१९९५च्या नोव्हेंबरमध्ये लिअँड्रो अँड्राडे नावाच्या माणसाने एका दुकानातून पाच व्हिडिओ कॅसेट पँटमध्ये खोचल्या. किंमत ८४ डॉलर ७० सेंट. दोन आठवड्यांनी दुसऱ्या दुकानातून आणखी चार, ६८ डॉलर ८४ सेंटच्या. दोन्ही वेळा तो दारातच पकडला गेला. त्याला हेरॉइनचं व्यसन होतं आणि कॅसेट विकून त्याला त्याचेच पैसे करायचे होते.

त्याच्या जुन्या नोंदीत घरफोड्या होत्या. त्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या होत्या आणि एकाच खटल्यात कबूल केलेल्या होत्या. कायद्याने त्यांचे वेगवेगळे स्ट्राइक धरले. बेसबॉलमध्ये एका चेंडूवर दोन स्ट्राइक कधीच होत नाहीत. इथे झाले. मग पाच कॅसेट हा एक 'तिसरा' स्ट्राइक आणि चार कॅसेट हा दुसरा 'तिसरा' स्ट्राइक. प्रत्येकाला पंचवीस वर्षं, एकापाठोपाठ एक. एकूण पन्नास. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, म्हणजे सुटकेचा अर्ज करायलाही ८७वं वर्ष उजाडणार होतं.

गॅरी युइंगचं प्रकरणही असंच. एल सेगुंडोच्या गोल्फ मैदानावरच्या दुकानातून तो लंगडत बाहेर पडला. तो असा का चालतोय म्हणून नोकराला संशय आला. पँटच्या पायात त्याने गोल्फच्या तीन काठ्या खुपसल्या होत्या, प्रत्येकी ३९९ डॉलरच्या. पंचवीस वर्षं ते जन्मठेप.

दोघांची अपिलं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. अमेरिकेच्या राज्यघटनेत क्रूर आणि असामान्य शिक्षेला बंदी आहे, ही शिक्षा तशी आहे का, हा प्रश्न होता. ५ मार्च २००३ला दोन्ही निकाल लागले, दोन्ही ५ विरुद्ध ४ मतांनी. शिक्षा कायम राहिल्या.

पण तिसऱ्यांदाही जो सुधारला नाही, त्याला दया कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, त्याला टाळून चालणार नाही. वारंवार हिंसा करणाऱ्याला समाजापासून जास्त काळ दूर ठेवावं, हे जवळपास सगळ्या देशांच्या कायद्यांना मान्य आहे. भांडण त्याच्याशी नाही. भांडण आकड्याशी आहे. तिसऱ्यांदा जीव घेणारा आणि तिसऱ्यांदा कॅसेट चोरणारा यांना एकाच मापाने मोजलं, की न्यायाधीशाच्या हाती बेरजेपलीकडे काही उरत नाही. पेटालुमाच्या त्या मुलीच्या घरातल्या माणसांनीही, हिंसा न करणाऱ्या गुन्हेगारांना या जाळ्यात ओढायला विरोध केला होता. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं, त्यांचं हे म्हणणं मला वजनदार वाटतं.

गुन्हे तर कमी झाले ना?

झाले. पण १९९०च्या दशकात ते अमेरिकाभर कमी झाले, असा कायदा न आणलेल्या राज्यांतही. कमी होण्यातला किती वाटा या कायद्याचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. खर्च मात्र डोळ्यांना दिसत होता. म्हातारे होत चाललेले कैदी, त्यांची औषधं, भरलेले तुरुंग.

१९९६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना जुना स्ट्राइक दुर्लक्षित करायची मुभा दिली. शेवटी २०१२च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कॅलिफोर्नियाच्या सुमारे ६९ टक्के मतदारांनी कायदा बदलला. आता पंचवीस वर्षांच्या शिक्षेसाठी, काही अपवाद सोडले तर, तिसरा गुन्हाही गंभीर किंवा हिंसक लागतो. आत असलेल्यांना शिक्षा कमी करायचा अर्ज करता आला. फाउलला तिसरा स्ट्राइक धरायचं नाही, हा मैदानावरचा शहाणपणा कायद्यात यायला अठरा वर्षं लागली.

आपल्याकडे असं काही आहे का?

या नावाने नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३नुसार नाणी-नोटांचे किंवा मालमत्तेचे ठरावीक गुन्हे पुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा होऊ शकते, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपसुद्धा. जुन्या दंडसंहितेत हे कलम ७५ होतं. इथे तिसऱ्या वेळेची वाट पाहिली जात नाही, दुसऱ्याच वेळी कलम लागू शकतं. पण किमान पंचवीस वर्षं द्यायलाच हवीत असं बंधन नाही. दहा वर्षांच्या आत किती द्यायची, हे न्यायाधीश प्रकरण बघून ठरवतात.

आता मोबाइलवरचा स्ट्राइक

अमेरिकेत १९९८ साली इंटरनेटवरच्या कॉपीराइटसाठी कायदा झाला. कॉपीराइट म्हणजे गाणं, चित्र, लेख ज्याचा, त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने न वापरण्याचा हक्क. लोकांनी टाकलेल्या चोरीच्या मजकुराची जबाबदारी वेबसाइटवर येऊ नये, यासाठी त्या कायद्याने एक अट घातली: वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती योग्य त्या परिस्थितीत बंद करण्याचं धोरण ठेवा. 'वारंवार' म्हणजे किती वेळा? कायद्यात आकडाच नाही. तो कंपन्यांनी भरला, आणि यूट्यूबने भरला तो अमेरिकेत प्रत्येकाच्या तोंडी असलेला तीन.

फ्रान्सने २००९ साली हेच सूत्र घरच्या इंटरनेटला लावून पाहिलं. आधी ईमेल, मग रजिस्टर पत्र, तिसऱ्यांदा इंटरनेट तोडायचं. कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या त्यांच्या घटना परिषदेने बजावलं, की असा निर्णय सरकारी मंडळ घेऊ शकत नाही, त्याला न्यायाधीशच हवा. कायदा दुरुस्त झाला आणि २०१३ साली इंटरनेट तोडायची ही शिक्षाच रद्द झाली.

यूट्यूबचा नियम मला कॅलिफोर्नियापेक्षा मैदानाच्या जवळचा वाटतो, कारण त्यात पाटी कोरी होते. कॉपीराइट स्ट्राइक ९० दिवसांनी उतरतो. पहिल्या स्ट्राइकनंतर कॉपीराइटवरचा एक छोटा धडा बघून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, तेवढं केलेलं हवं. ९० दिवसांच्या आत तीन झाले, तर मात्र चॅनल जाऊ शकतं, सगळ्या व्हिडिओंसकट. भडक किंवा धोकादायक मजकुराबद्दलचे स्ट्राइक वेगळे मोजले जातात. तिथे सहसा आधी नुसती ताकीद मिळते.

एक गोंधळ मात्र नक्की टाळा. 'कॉपीराइट क्लेम' आला म्हणजे स्ट्राइक आला असं नाही. यंत्रणेने गाणं आपोआप ओळखलं आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळवले, तर तो क्लेम. चॅनलच्या नावावर त्याने खूण पडत नाही. हक्कदाराने रीतसर लेखी मागणी करून व्हिडिओ काढायला लावला, तर स्ट्राइक. गावाकडची कितीतरी पोरं क्लेम बघून घाबरतात आणि आख्खं चॅनल पुसून टाकतात.

पंच चुकला तर?

क्रिकेटमध्ये डीआरएस आहे. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये २०२६च्या हंगामापासून तशी सोय आली. प्रत्येक संघाला दोनदा पंचाच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येतं, कॅमेरे चौकट तपासतात, आणि आव्हान बरोबर ठरलं तर ते खर्ची पडत नाही.

चॅनलवाल्यालाही दोन वाटा आहेत. तक्रारदाराला गाठून तक्रार मागे घ्यायची विनंती करता येते. किंवा प्रति-सूचना पाठवता येते, म्हणजे व्हिडिओ काढण्यात चूक झाली आहे असं कायदेशीर निवेदन. त्यानंतर तक्रारदाराला अमेरिकेतल्या कामाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो. पण या निवेदनात खरं नाव-पत्ता द्यावा लागतो आणि खोटं लिहिलं तर ते अंगाशी येतं. स्वतः रेकॉर्ड केलेलं भजन कुणी आपलं म्हणून दाखवत असेल, तर ही वाट जरूर धरा. गाणं खरंच दुसऱ्याचं असेल, तर धरू नका.

भाच्याचं गाणं दुसऱ्याचंच होतं. त्याने धडा बघितला, उत्तरं दिली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नव्वदाव्या दिवसाभोवती लाल गोल काढला. आईने त्याला विचारून घेतलं, की त्या दिवशी नक्की काय मिटतं. पुढच्या शर्यतीचा व्हिडिओ त्याने गाण्याशिवाय टाकला. त्यात गाडा सुटताना हाकणाऱ्याची आरोळी ऐकू येते, मग चाकांचा खडखडाट, आणि शेवटच्या टप्प्यात बैलांच्या गळ्यातली घुंगरं.